आधी उंदीर पडतो

(कन्हेरी, ता. बारामती येथे एका निवृत्त पशुवैद्यकाने दिलेलं स्मृतिव्याख्यान)

कन्हेरीचा मारुती उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे तो प्रचाराच्या नारळामुळे. निवडणूक लागली की इथे नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवशी गावाचं नाव पेपरात येतं. मी नारळ आणलेला नाही, तेव्हा पेपरवाल्यांना आज सुट्टी.

ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी आपण जमलो, त्यांनी मला एकदा गोठ्यात उभं करून प्रश्न विचारला होता. मी तेव्हा नवा होतो, मोटारसायकलवरून गावोगाव फिरणारा ढोरांचा डॉक्टर. गुरुजींच्या म्हशीला लाळ्या खुरकूत झालेलं. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत फोड, वैरणीकडे बघायला तयार नाही. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, ही गेले सहा महिने दावणीची सुटलेली नाही. मग रोग आला कुठून? चालत आला, का कुणी आणून सोडला?" मी पुस्तकातलं सगळं सांगितलं. विषाणू लाळेत असतो, दुधात असतो, शेणामुतात असतो, चपलेला चिकटतो, टायरला चिकटतो, थंड दमट हवेत वाऱ्यावरसुद्धा जातो. १९८१ साली तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून इंग्लंडजवळच्या बेटावर पोचला होता. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या बुटांकडे बघितलं. म्हणाले, "म्हणजे आणून सोडला."

त्या सकाळी मी आणखी चार गोठे करून तिथे आलो होतो.

आणून सोडण्याची गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. गावात पटकी आली, माणसं पटापट जायला लागली, की मरीआईचा गाडा काढायचे. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, लिंबं, नैवेद्य. वाजतगाजत ओढत न्यायचा आणि शिवेपलीकडे सोडून मागं न बघता परत यायचं. पलीकडच्या गावाला सकाळी गाडा दिसला की ते तो आपल्या शिवेतून ओढून पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवत. मला या प्रथेची टिंगल करायची नाही. पटकीचा जंतू पाण्यातून जातो हे कॉलऱ्याच्या अभ्यासकांनाही १८५४ च्या लंडनमध्ये पटवून द्यावं लागलं होतं, आणि रॉबर्ट कॉखने कलकत्त्याला येऊन त्यावर शिक्कामोर्तब केलं ते १८८४ साली. आपल्या आज्या-पणज्यांना कुणी सांगितलं होतं? पण एक गोष्ट बघा. वरच्या गावाची पटकी ओढ्याच्या पाण्यातून खालच्या गावात कधीच पोचलेली असे. गाडा मागाहून यायचा. रोग दुसऱ्याच्या शिवेत ढकलला की आपण सुटलो, ही समजूत मात्र गाड्याची चाकं मोडली तरी मोडली नाही. गोठ्यातली गाय आजारी दिसली की पहिला फोन डॉक्टरला जातो का व्यापाऱ्याला, हे तुम्ही मला सांगा.

आजच्या विषयाला मी नाव दिलंय 'आधी उंदीर पडतो'. हे माझे शब्द नाहीत, आपल्या म्हाताऱ्या माणसांचे आहेत. पिलेगाच्या सालांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या असतील त्यांना आठवेल. घरात आढ्यावरून उंदीर पडायला लागले, की कुणाच्या हुकमाची वाट न बघता माणसं गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहायची. पाऊस असो, थंडी असो. याला वैद्यकीय पुस्तकात पुढे मोठमोठी नावं मिळाली, पण उंदीर मेला म्हणजे घर सोडायचं हे गावाला आधीच कळलेलं होतं. कारण कळलं मागाहून. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की हे काम पिसवांचं आहे. उंदीर मेला, अंग गार पडलं, की त्याच्या अंगावरची पिसू ऊब शोधत निघते. प्लेगच्या जंतूंनी तिचं नरडं बुजलेलं असतं. भूक भागत नाही म्हणून ती चावत सुटते आणि चावताना जंतू ओकते. सिमाँचं म्हणणं मान्य व्हायला पुढे कैक वर्षं गेली. डॉक्टर मंडळींचं डोकं गावापेक्षा सावकाश चालतं, याची मला स्वतःवरून खात्री आहे.

आता दुसरी बाजू. मुंबईत प्लेग आहे हे पहिल्यांदा ठामपणे सांगितलं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीतले रोगी बघून. शहर व्यापाराचं, बंदर चालू. प्लेग म्हटलं की जहाजं थांबणार. त्यामुळे बरेच दिवस 'ताप आहे', 'गाठीचा ताप आहे' असंच चाललं. पुण्याला १८९७ मध्ये साथ आली तेव्हा उलट टोक. गोरे सोल्जर घरात शिरून देवघरापर्यंत झडती घेऊ लागले. आजारी माणूस सापडला की त्याला उचलून न्यायचं, घरच्यांना वेगळं काढायचं, सामान जाळायचं. याचा परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं लपवू लागले, मेलेल्यांनाही लपवू लागले. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळीबारात झाला, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याहून प्लेग झालेलं एक मूल पाठीवर घेऊन हडपसरच्या माळावर आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. लपवलेलं मूल कुणी कुणाच्या पाठीवर देत नाही. सावित्रीबाईंवर लोकांचा विश्वास होता म्हणून ते मूल त्यांच्यापर्यंत पोचलं. झडतीवाल्यांपर्यंत ते कधीच पोचलं नसतं.

जनावर लपवत नाही. ते आपलं पडतं, मरतं. साथीची पहिली बातमी बहुतेक वेळा तेच देतं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, मग माणसांना ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यातून नवा विषाणू शोधला. तो गोचिडीतून येतो. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात निघाला. काजूच्या बागांत जाणाऱ्या माणसांना वाटेत मेलेलं माकड दिसणं ही तिथली घंटा आहे. बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही १९९४ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं. घरात पिसवा फार झाल्या, उंदीर मेलेले दिसले. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक धास्तावून घराबाहेर राहिले, घरात धान्य राहिलं आणि उंदरांची चंगळ झाली, असं त्याचं एक कारण दिलं जातं. महिन्याभरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं गाड्यांना लोंबकळून पळाली. सुरतेचं नाव अजून पुसलेलं नाही. मामला तर बाहेर कुणाला आठवतसुद्धा नाही. त्याला मी गावाचं नशीब म्हणतो.

कारण नावाचं काय होतं ते बघा. कोंबड्यांच्या एका रोगाला आपण राणीखेत म्हणतो. राणीखेत हे हिमालयातलं देखणं गाव. तिथे रोग ओळखला एवढाच त्याचा गुन्हा. इंग्रज त्याच रोगाला आपल्या न्यूकॅसल शहराचं नाव देतात. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ साली तापाच्या रोग्यांच्या रक्तात एक विषाणू सापडला. आज गुजरातेत कुठल्या खेड्यात त्याने मूल गेलं तरी बातमीत नाव चांदीपुऱ्याचं. १९१८ चा फ्लू स्पॅनिश का? महायुद्धात बाकीच्या देशांनी वर्तमानपत्रांची तोंडं बांधली होती, स्पेन युद्धात नव्हता, तिथे छापून आलं. खरं छापलं म्हणून शंभर वर्षं त्यांच्या माथी रोग. शेवटी २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं की नव्या रोगांना गावांची, देशांची, जनावरांची नावं देऊ नका.

आपल्या माणसांनी १९१८ च्या त्या साथीला गावाचं नाव दिलं नाही. ते तिला मानमोडी म्हणाले. आणि गंमत म्हणजे, गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण राणीखेत झालेली कोंबडी मान पिळून पडते म्हणून तिच्या रोगालाही आपण मानमोडीच म्हणतो. एक विषाणू माणसाचा, दुसरा कोंबडीचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ज्या माउलीने दोन्ही पडताना बघितले तिने दोन्हींना एकच शब्द वापरला. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्या मरायला लागल्या तेव्हाही पहिला अंदाज मानमोडीचाच होता. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि कळलं की हा बर्ड फ्लू, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. तिथल्या माणसांचे नमुने तपासले, कुणालाही लागण झालेली नव्हती. तरी बारामतीत, पुण्यात, जिथे एकही कोंबडी आजारी नव्हती तिथे अंड्याला गिऱ्हाईक मिळेना. २०२० च्या मार्चमध्ये तर कोरोना कोंबडीतून येतो अशी अफवा उठली आणि चांगल्या, धडधाकट कोंबड्या फुकट वाटायची पाळी आली. इथे बसलेल्यांपैकी काही जणांनी पिल्लं जिवंत पुरली आहेत. त्यांच्याकडे मी बघत नाही.

आता तुम्हीच सांगा, उद्या इंदापूरच्या बाजूला, भिगवणला, उजनीच्या पाणफुगवट्यावर जिथे थंडीत परदेशी पक्षी उतरतात, तिथे कुणाच्या शेडमध्ये एका रात्रीत दोनशे कोंबड्या मेल्या, तर तो काय करेल? डॉक्टरला फोन करेल, का खड्डा खणेल? कायद्याचं बोलायचं तर २००९ च्या कायद्याने रोग कळवणं जनावराच्या मालकावर बंधनकारक आहे. पण कायदा शेडमध्ये रात्री दोन वाजता येत नाही. त्या वेळी शेतकऱ्याच्या डोक्यात एकच हिशेब असतो. सांगितलं तर माझं किती जाईल, आणि नाही सांगितलं तर दुसऱ्याचं किती जाईल. पहिला आकडा त्याला तोंडपाठ असतो.

लम्पीच्या साथीत हा हिशेब मी जवळून बघितला. लम्पी मुळात आफ्रिकेतला, झांबियात १९२९ साली नोंदलेला. २०१९ मध्ये तो ओडिशात आला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावच्या बाजूने आपल्याकडे पसरला. गाईच्या अंगावर गाठी, पायाला सूज, नाकाडोळ्यांतून पाणी. हा देवीच्या घराण्यातला विषाणू. वाहून नेणारे म्हणजे चावऱ्या माश्या, डास, गोचिडी. माशी काही किलोमीटर उडेल. पण ओडिशापासून जळगावपर्यंत माशी उडत आली नाही. टेम्पोत बसून आली, बाजारातून बाजारात आली. बाजार बंद झाले, जनावरांची वाहतूक बंद झाली. अफवा उठली की दूध पिऊ नका. लम्पी माणसाला होत नाही, हे आम्ही घसा फुटेस्तोवर सांगत होतो.

सरकारने तेव्हा एक गोष्ट चांगली केली. लम्पीने दुभती गाय गेली तर ३० हजार, बैल गेला तर २५ हजार, वासरू गेलं तर १६ हजार अशी भरपाई जाहीर केली आणि लस फुकट टोचली. गाईच्या किमतीपुढे ३० हजार काहीच नाहीत, मान्य. पण माझा अनुभव सांगतो. त्याआधी लोक आम्हाला गोठ्याच्या दारातून परत पाठवायचे, 'आमच्यात काही नाही' म्हणून. भरपाई जाहीर झाल्यावर तेच लोक स्वतःहून फोन करायला लागले. पोस्टरने जे काम होत नाही ते त्या आकड्याने केलं.

लस कुठली टोचली? शेळीच्या देवीची. गाईच्या लम्पीवर शेळीच्या देवीची लस लागू पडते, कारण दोन्ही विषाणू चुलतभाऊ. माणसाची देवी अशीच गेली, फक्त जनावर दुसरं. १७९६ साली जेन्नरने गाईच्या देवीतलं पाणी घेऊन मुलाला टोचलं. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचली गेली, हिंदुस्थानातली पहिली. माणसाला गाईने वाचवलं, गाईला शेळीने. रोग ज्या वाटेने येतो त्याच नात्याच्या वाटेने उतारा येतो. गोवराचंही तसंच. गोवर आणि गुरांची बुळकांडी यांचा मूळपुरुष एक. १९१२ साली बर्लिनमध्ये गोवराने गेलेल्या एका लहान मुलीच्या फुप्फुसाचा जपून ठेवलेला तुकडा तपासून शास्त्रज्ञांनी २०२० साली हिशेब मांडला, की हे दोन विषाणू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत. माणूस दाटीने शहरात राहू लागला आणि गुरं त्याच्या अंगणात होती, त्या काळात. बुळकांडीने गावंच्या गावं बसवली. लस, नाकेबंदी आणि घरोघर विचारपूस, यांच्या जोरावर ती २०११ मध्ये जगातून गेली. माणसाच्या देवीनंतर उखडून टाकलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिला. याचा उत्सव कुणी केला नाही. बैलांना पेढे चालत नाहीत.

आता मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, ती गुरुजींना सांगायची राहून गेली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लसीकरणाला गेलो की मी एका सुईने सबंध वस्ती टोचायचो. सुया मोजक्या, जनावरं दोनशे, ऊन वर यायच्या आत उरकायचं. मध्येच पाण्यात बुडवायची आणि पुढची गाय. एका वस्तीवर लस देऊन आलो आणि दहा दिवसांत तिथे ओळीने जनावरं आजारी पडली. त्यातलं पहिलं जनावर मी टोचलं तेव्हाच रोगाच्या वाटेवर असणार, दिसायचं बाकी होतं. पुढच्यांना तो रोग माझ्या सुईने गेला. लोक म्हणाले, 'लसीनेच आजार झाला.' मी त्यांना अडाणी म्हणालो. ते बरोबर होते. लस चांगली होती, सुई वाईट होती. मरीआईचा गाडा मीच ओढत होतो, मोटारसायकलवर.

तिथून पुढे मी त्या वस्तीवर गेलो की म्हातारी माणसं आधी माझ्या हाताकडे बघत. विश्वास गेला की रोगाला मोकळं रान मिळतं. पुढच्या वेळी गाय आजारी पडली तर ते मला का सांगतील?

कन्हेरीत बोलतोय म्हणून शेजारच्या काटेवाडीबद्दल बोललंच पाहिजे. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढपाळ सांगतात की पालखीला फेरी घातली की वर्षभर कळपात रोगराई येत नाही. माझे शहरातले मित्र विचारतात, 'डॉक्टर, हे तुम्हाला चालतं का? शेकडो मेंढ्या एकत्र, रोग पसरणार नाही?' पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी, श्वासातून आणि नाकाच्या पाण्यातून जवळच्या जवळ पसरते हे खरं. पण रिंगण उघड्यावर, काही मिनिटांचं. बाजारात दिवसभर एका दावणीला बांधलेल्या, एका टाकीत तोंड घालणाऱ्या शेळ्यांपेक्षा तिथला धोका कितीतरी कमी. आणि दुसरी गोष्ट. पालखी यायच्या आधी मेंढपाळ आपले कळप गावाजवळ आणतात. वर्षातून हा एकच दिवस असा, की आख्ख्या भागातले कळप कुठे आहेत हे डॉक्टरला माहीत असतं. बाकी सुप्याकडचे कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेले की त्यांना शोधायचं कुठे? मी माझ्या नोकरीत पावसाळ्यापूर्वीची मेंढ्यांची लस या तिथीच्या हिशेबाने लावून घ्यायचो. तुकोबांनी माझं निम्मं काम केलं म्हणा.

२०२० साली पादुका एस.टी.तून गेल्या. काटेवाडीला पायघड्या नव्हत्या, रिंगण नव्हतं. एका मेंढपाळाने मला फोन करून विचारलं, "आवंदा रिंगण नाही, मग मेंढ्यांचं कसं?" मी म्हटलं, लस घे. तो म्हणाला, "लस तर घेणारच हो. मी रिंगणाचं विचारतोय." त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जाता जाता पुरंदरचं बेलसर. बारामतीहून फार लांब नाही. २०२१ च्या जुलैत तिथे तापाचे रोगी वाढले. नेहमीसारखं 'डेंगी असेल, चिकुनगुन्या असेल' म्हणून सोडून देता आलं असतं. रक्ताचे नमुने पुण्याला गेले आणि त्यात एका पन्नास वर्षांच्या बाईंना झिका निघाला, महाराष्ट्रातला पहिला. निदान कळेपर्यंत त्या बऱ्याही झाल्या होत्या. त्या गावाचं नाव तेव्हा टीव्हीवर चार दिवस फिरलं, पाव्हणे यायचे थांबले असतील. बेलसरने नमुने दिले नसते तर झिका आला नसता असं नाही. तो डासांबरोबर आपल्या रांजणात, टायरात, कुलरच्या पाण्यात बिनबोभाट राहिला असता.

गुरुजींना आज मी उत्तर देऊ शकतो. होय गुरुजी, आणूनच सोडतो. बुटाला लावून, टेम्पोत बसवून, बाजाराच्या दावणीला बांधून, सुईच्या टोकावर. तुमची म्हैस तेव्हा पंधरा दिवसांत उठली होती, पण दुधाला ती पुन्हा पहिल्यासारखी आली नाही, हे मला ठाऊक आहे.

एक निरोप सरपंचांनी द्यायला सांगितलाय. परवा सकाळी सात वाजता मारुतीच्या देवळापुढे घटसर्प आणि फऱ्याची लस टोचणार आहेत. जनावरं रात्रीच बांधून ठेवा, सकाळी शोधत बसू नका. आणि तुमच्या गाईची पाळी आली की टोचणाऱ्याला विचारा, सुई बदलली का? बदलली नसेल तर गाय मागे घ्या. डॉक्टर रागावला तर माझं नाव सांगा.